पातळ हवा

पडद्यावर दोन आकडे एकदम उमटले आणि त्यांचं एकमेकांशी जुळेना. काठीचा वेग ताशी त्रेसष्ट मैल. चेंडू हवेतून गेला तो एकशे एक्केचाळीस यार्ड. दुसऱ्या कुणाला यात खटकण्यासारखं काही दिसलं नसतं. पण मी गेली कित्येक वर्षं गोल्फच्या काठ्या विकणाऱ्या दुकानातल्या या बिनखिडकीच्या खोलीत उभी राहून लोकांचे फटके मोजते, आणि वेगाचा आकडा दिसला की लांबीचा आकडा माझ्या डोक्यात आपोआप येतो, वाण्याला पुडी हातात घेतल्याबरोबर वजन कळावं तसा. काठी एक मैल जास्त वेगाने फिरली की चेंडू साधारण अडीच यार्ड पुढे जातो, एक मैल कमी झाली की तेवढाच अलीकडे पडतो. त्रेसष्टला एकशे तेहतीस. फार तर चौतीस, तेही चेंडू काठीच्या तोंडाच्या अगदी मधोमध बसला तर. एक्केचाळीस कुठल्याही हिशेबाने येत नाहीत. दोघांपैकी एक आकडा खोटं बोलत होता आणि कोणता ते मला लगेच कळलं. तोवर आई काठी जमिनीला टेकवून मागे वळल्या होत्या. पडद्यावर मी त्यांच्यासाठी एकशे चाळीसवर एक निळी रेघ ओढून ठेवली होती आणि चेंडू तिच्या पलीकडे पडलेला दिसत होता, त्यामुळे मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसावा तसा सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला आणि पुन्हा पाहिलं. "म्हणजे अजून आहे म्हणायचं," त्या म्हणाल्या, आणि डाव्या हाताचा मोजा एकेक बोट सोडवत काढायला लागल्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. म्हणजे होत्या. त्यांच्या मुलाचं आणि माझं लग्न मोडून बराच काळ लोटला, पण नवरा सुटल्यावर सासूला काय म्हणायचं हे कुणी शिकवलेलं नसतं, त्यामुळे मी आई म्हणायचं सोडलं नाही आणि त्यांनी ओ द्यायचं सोडलं नाही. मैदानावर कुणी नवखं माणूस विचारतं, ही तुमची कोण, तेव्हा त्या सांगतात, ही माझ्याबरोबर खेळते. बस, एवढंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थोडं लागलं होतं. मग हळूहळू लक्षात आलं की सून, मुलगी, मैत्रीण यातलं काहीही म्हटलं असतं तर कुणीतरी भुवई उंचावली असती, आणि हे वाक्य मात्र कुणालाच आमच्याकडून काढून घेता येत नाही. आमचं सगळं नातं रविवार सकाळच्या त्या नऊ होलांत मावतं. एरवी आम्ही एकमेकींना फोन करत नाही. त्यांच्या घरी मुलगा आणि त्याची दुसरी बायको असते, तिथे माझं जाणं शोभायचं नाही, आणि माझ्या घरी एक माणूस बसलं की दुसऱ्याने उभंच राहावं लागतं. रविवार नसला तर आम्हा दोघींत उरतं काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत आले होते. त्या खोलीत, त्या दोन आकड्यांपुढे, तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि हलेना.

कारण त्यांचं ठरलेलं होतं. आमच्या मैदानावर सातव्या होलला सुरुवातीलाच तळं आहे. फार मोठं नाही, पलीकडचा काठ एकशे चाळीस यार्डांवर, पण वळसा घालायला दोन्ही बाजूंनी दाट झाडी, म्हणजे मारायचं तर वरूनच. पूर्वी आमच्यासोबत एक बँकेतल्या बाई खेळायच्या, स्वभावाने लोण्यासारख्या मऊ. त्यांचे हात थकले तसे त्यांचे चेंडू तळ्यात पडायला लागले. एक पडायचा, मग दुसरा ठेवायच्या, तो पडायचा, मग तिसरा. मागची मंडळी खोळंबायची आणि प्रत्येक वेळी गोड आवाजात म्हणायची, छान, थोडक्यात हुकलं. आईंना ते 'छान' सहन व्हायचं नाही. एकदा घरी परतताना त्या एकदम म्हणाल्या की ज्या दिवशी मला ते पाणी ओलांडता येणार नाही त्या दिवसापासून मी खेळणार नाही, आणि तू मला छान म्हणायचं नाहीस. मी हसून हो म्हटलं. तेव्हा त्यांचा चेंडू तळ्याच्या कितीतरी पलीकडे पडायचा, त्यामुळे हो म्हणायला माझं काय जात होतं. पण गेल्या रविवारी वारा पाठीशी असूनही चेंडू पलीकडच्या काठावर आपटला, क्षणभर थांबला, आणि कसाबसा गवतात चढला. आज दुपारी त्या न सांगता दुकानात आल्या, आणि इतक्या वर्षांत माझ्या यंत्रासमोर उभी राहायला कधी तयार न झालेली ही बाई म्हणाली, मोज.

मला खरं तर मोजायचं नव्हतंच, बघायचं होतं. आईंचा फटका बघणं हे माझं जुनं व्यसन. त्या चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात आयुष्यभर कामाला होत्या. कारखान्याच्या भिंतीपलीकडे हे मैदान, आणि दुपारच्या सुट्टीत भिंत ओलांडून आलेले चेंडू परत फेकता फेकता त्या खेळायला लागल्या. काचेचं काम म्हणजे सगळं मध्याचं काम. भिंगाचा मध्य शोधायचा, त्यावर शाईचा ठिपका द्यायचा, आणि तो ठिपका डोळ्याच्या बाहुलीसमोर नेमका येईल अशी काच कापायची. जरा इकडेतिकडे झालं की घालणाऱ्याचं डोकं दुखतं. या बाईंचे हात एकदा मध्याला सरावले ते सरावलेच. त्या उभ्या राहतात, काठी मागे नेतात ती इतकी सावकाश की बघणाऱ्याला वाटावं विसरल्या की काय, वर क्षणभर थांबतात, आणि मग काठी खाली येते ती ओढून आणलेली नसते, सोडलेली असते. आवाज येतो तो कोरड्या लाकडाचा, एकच, आखूड. मला या खेळाचं काडीइतकंही ज्ञान नव्हतं, नवी सून होते, तेव्हा पहिल्या रविवारी तो आवाज ऐकून माझ्या मानेवर काटा आला होता. त्यांच्यामुळे मी खेळायला लागले आणि खेळामुळे या दुकानात लागले. माणसं म्हणतात वेग म्हणजे जोर. तसं नाही ते. चेंडू काठीच्या वेगाच्या फार तर दीडपट वेगाने सुटतो, त्याहून जास्त तो कुणालाच देत नाही, आणि ती दीडपट मिळते फक्त मधोमध लागला तर. मध्यापासून बोटभर सरकला की पाचदहा मैल वाऱ्यावर. मी इथे खांद्यांनी दार अडेल असे तरुण पाहिलेत, वेग शंभराच्या पुढे, आणि निम्मा वेग ते काठीच्या तोंडाच्या दोन टोकांना, टाचेत आणि अंगठ्यात, उधळून टाकतात. आईंनी आज माझ्यासमोर मारलेला प्रत्येक फटका दीडपटीला जवळजवळ चिकटून होता. होता तेवढा सगळा वेग त्यांनी चेंडूला देऊन टाकला होता, पैसुद्धा मागे ठेवली नव्हती. फक्त तो होताच त्रेसष्ट.

त्यांच्या मुलाचा वेग त्यांच्या जवळजवळ दुप्पट असेल. दिसायला राजबिंडा, आणि मारायला उभा राहिला की पलीकडच्या वाटेवरची माणसंसुद्धा थांबायची. आम्ही तिघं खेळायचो तेव्हा मी त्याच्या फटक्यांवर टाळ्या वाजवल्या आहेत, आणि मग तिघांनी मिळून अर्धा अर्धा तास झाडीत चेंडू शोधले आहेत. त्याला जे काही करायचं ते पूर्ण ताकदीनेच करता यायचं. प्रेम तसंच, भांडण तसंच, आणि निघून जाणंही तसंच. मी त्याला वाईट म्हणत नाही. आई मात्र त्याच्या फटक्याकडे बघून एकदा हळूच म्हणाल्या होत्या की याला कुणीतरी सांगायला हवं, पुढे बघायच्या आधी चेंडूकडे बघ. आमचं मोडलं तेव्हा मी त्या मैदानावर परत पाऊल ठेवणार नव्हते. त्या शनिवारी त्यांचा फोन आला. एकही शब्द लग्नाविषयी नाही. पाऊस नाही म्हणतात, दव असेल, जोडी पायमोजे जास्तीचे आण, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मी मोजे घेऊन गेले. सातव्या होलपर्यंत दोघी नुसत्या खेळत गेलो. तिथे त्यांनी काठी सावकाश मागे नेली, तोच कोरडा आवाज आला, चेंडू पाण्यावरून गेला, आणि मला अचानक मोकळं रडू आलं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही, मला रडून होईपर्यंत त्या चेंडू कुठे पडला तेच बघत राहिल्या. इतकं नेमकं न बघणं मी त्याआधी आणि त्यानंतर कुणात पाहिलेलं नाही.

तर एक्केचाळीस कुठून आले. आमचं यंत्र चेंडूला खरोखर उडू देत नाही. चार हातांवर जाळी आहे. चेंडू कसा सुटला तेवढं ते पाहतं आणि पुढचं सगळं गणिताने उडवतं, आणि त्या गणिताला आधी सांगावं लागतं की तुमची जागा समुद्रापासून किती उंच आहे. उंचावर हवा पातळ, चेंडूला अडवायला कमी, म्हणून तो लांब जातो. आमचं शहर सपाटीवर आहे. पण मालकांना एक सवय आहे. चांगलं गिऱ्हाईक नवी काठी घेऊ की नको करत असलं की ते हळूच यंत्राला डोंगरावर नेऊन ठेवतात. त्याला आमच्यात हवा पातळ करणं म्हणतात. गिऱ्हाईक नव्या काठीने मारतं, आकडा फुगतो, गिऱ्हाईकही फुगतं, आणि काठी खपते. काम झालं की यंत्र परत सपाटीवर आणायचं असतं. सकाळी एका दातांच्या डॉक्टरांना मालकांनी डोंगर दाखवला होता आणि मग जेवायला गेले होते, आणि मी आईंना पाहून इतकी हुरळले की यंत्राकडे बघायचं राहूनच गेलं. वेगावर डोंगराचा काही परिणाम होत नाही. काठी जेवढी फिरते तेवढीच फिरते. म्हणून त्रेसष्ट खरा होता, आणि निळ्या रेघेपलीकडे पडलेला चेंडू दातांच्या डॉक्टरांच्या हवेतून गेलेला होता.

मी गप्प बसू शकत होते. आई खुर्चीत बसून मोज्याची बोटं सरळ करत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते मला बघायचं होतं, जितका वेळ बघता येईल तितका. काही सांगितलं नाही तर हा रविवार पक्का होता. फार तर तोच एक. त्या भरवशाने सातव्यावर उभ्या राहतील, तितक्याच सावकाश काठी मागे नेतील, आणि चेंडू सात यार्ड अलीकडे, सगळ्यांच्या देखत, पाण्यात. मागून कुणीतरी छान म्हणेल. आणि त्या घरी जाऊन विचार करतील की यंत्राने तर पलीकडे दाखवलं होतं, मग माझ्याच हातात काही बिघडलं का. आपल्याच हातांवर शंका, आणि तीही असल्या हातांवर घ्यायची. ते मला सोसवलं नसतं. पण सांगायचं म्हणजे रविवारच आत्ता, इथे, माझ्या तोंडाने संपवायचा. मला वाटलं, मालक आत येऊन काहीतरी बोलतील, वीज जाईल, काहीतरी होईल. काही झालं नाही. खोलीतला पंखा फिरत राहिला.

"आई, हा आकडा खरा नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं. डोंगराचं, मालकांचं, जेवायला जाण्याचं, माझ्या विसरण्याचं. बोलताना मी त्यांच्याकडे न बघता यंत्राच्या तारांकडे बघत होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठल्या, मोजा पुन्हा चढवला, आणि म्हणाल्या, "आता खरी हवा लाव."

मी लावली. त्यांनी मारलं. तोच आवाज. बासष्ट, एकशे एकतीस. पुन्हा मारलं. त्रेसष्ट, एकशे तेहतीस. पडद्यावरची निळी रेघ फार लांब नव्हती, सात पावलं, दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीइतकी. त्यांनी विचारलं की किती वेग लागेल, आणि मी सांगितलं की तीन मैल जास्तीचे, आणि सांगतानाच मला कळलं की तीन मैल म्हणजे पाच वर्षं मागे जाणं. मी नेटाने कामाला लागले. हलका दांडा लावून पाहिला. तोंड जास्त मागे झुकलेली काठी दिली, कमी वेगाच्या माणसाला तिने चेंडू जरा उंच आणि जरा लांब नेता येतो. एकशे छत्तीसवर आम्ही पोचलो आणि तिथेच अडकलो. मग त्यांनी माझ्याकडे एक खट्याळ नजर टाकली, पाय रुंद केले, आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांना जोर लावताना पाहिलं. खांदे वर गेले, दात दिसले, काठी सूं करत आली. फुटका आवाज झाला. पडद्यावर वेग अडुसष्ट. हवा तेवढा, उलट वरती दोन. आणि लांबी एकशे सतरा, डावीकडे, कुठल्यातरी न काढलेल्या झाडीत. चेंडू टाचेवर लागला होता.

आई काठीवर रेलून हसायलाच लागल्या. "हा माझ्या लेकाचा फटका झाला," त्या म्हणाल्या, आणि मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग त्यातलं हसू कधी संपलं ते मला कळलं नाही.

मी त्यांना म्हटलं की पहिला फटका मारायची पुढची जागा, पुढची टी आहे, लाल खुणेची, तिथून पाणी कितीतरी कमी आहे, सगळ्या जणी तिथून खेळतात, त्यात कमीपणा कसला. त्या म्हणाल्या की कमीपणा अजिबात नाही, पुढून खेळणाऱ्या बाईला त्या कधी हसलेल्या नाहीत. पण स्वतःचं त्यांनी ठरवलेलं होतं, चांगली धडधाकट असताना ठरवलेलं होतं, आणि आता दुखतंय म्हणून ते बदलायचं त्यांना नव्हतं. हे त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं की मला वाद घालायला जागाच मिळेना. काठी पुसून त्यांनी जागेवर ठेवली. मोजा काढला, घडी केली, खिशात टाकला. त्यांच्या हातांवर म्हातारपणाचे डाग होते, पण ते कापत नव्हते. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, आणि त्याच वेळी इतकं एकटं वाटलं, की मी यंत्र बंद करण्याच्या निमित्ताने खाली वाकले ते वाकूनच राहिले. रविवारी सकाळी मी काय करणार होते? झोपणार होते? कपडे धुणार होते? मी त्यांना घरी या म्हणू शकत होते, पण कशाला म्हणून या म्हणणार, आणि त्या काय म्हणून येणार.

"बंद का करतेस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झालं ना. त्या खुर्ची ओढून माझ्या उजव्या हाताला, जरा मागे, जिथून मारणाऱ्याचे हात नीट दिसतात तिथे बसल्या आणि म्हणाल्या की आता तू मार. मी म्हटलं की माझं काय बघायचं त्यात.

"तुझं कोपर लवकर सुटतं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सुटतं. माझं मला खेळायचं असायचं, म्हणून कधी बोलले नाही. आता रविवारी मला तेवढंच काम."

मी ताठ उभी राहिले. "तुम्ही तर सोडलं म्हणालात."

"खेळणार नाही म्हणाले. येणार नाही असं कधी म्हटलं मी?"

मी चेंडू ठेवला. तो मला नीट दिसत नव्हता, दोनदोन दिसत होते, त्यातल्या एकाचा अंदाज धरून मी काठी मागे नेली, नेता येईल तितकी सावकाश. आवाज बरा आला. पडद्यावर वेग आला असेल, लांबीही आली असेल. आई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या कोपराकडे बघत होत्या, आणि त्यांनी बोटाने खूण केली, पुन्हा.